आळशांचा मस्टर

बरोबर आठ वाजता शेंडे काका शिटी मारतात आणि चार प्राणी आळस करायला ड्युटीवर हजर होतात.

हे वाक्य मी तीनदा खोडून पुन्हा लिहिलं. पण खरं तसंच आहे, त्याला मी काय करू?

काका बीरगावला आमच्याच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, आमच्यापासून तिसऱ्या घरात राहतात. रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यातून रिटायर झाले. बिघडलेल्या वॅगनवर खडूने 'सिक' लिहायचं आणि दुरुस्त झालेल्या वॅगनवर 'फिट', हे त्यांचं आयुष्यभराचं काम. ती सवय अजून गेलेली नाही. मी कॉलेजातून तोंड पाडून आले की गेटातूनच ओरडतात, "काय वं प्रज्ञा, आज सिक लायनीत दिसून राहिली! कोणतं चाक बिघडलं?" आणि परीक्षेत बरे मार्क पडले तर माझ्या वहीच्या पुठ्ठ्यावर खडूने 'फिट' लिहून सही करतात. तारखेसकट.

नोकरीत काका एकही दिवस उशिरा गेले नाहीत. असा माणूस आता आळशी जनावरांचं कार्टून बनवतो.

त्याचं असं झालं. रिटायर झाल्यावर ते चौबे कॉलोनीत मुलाच्या फ्लॅटवर गेले होते. तिथे नातवाच्या मोबाइलवर कुठल्याशा परदेशातलं, मोठ्या माणसांसाठीचं कार्टून लागलं होतं. त्यात प्राणी सोफ्यावर बसलेले. भाषा इंग्रजी, काकांना एक शब्द कळला नाही, पण दोन तास ते जागचे उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाऱ्यात परत आले ते धावतच. मी नळावर उभी होते. "पोट्टे, मी काय पाह्यलं सांगू तुले? जनावरं आहेत, बसून आहेत. चंद्र खाली पडते, तरी कोणी उठत नाही. त्यात कोणीच ड्युटीवर नाही न वं!" त्यांचे डोळे असे चमकत होते, जसं काही त्यांना नवीन ग्रह सापडला होता.

आठवड्याभरात अंगणातली भिंत काळ्या रंगाने रंगली. गोल बाजारातून खडूचे डबे आले. मोबाइल बांधायला सायकलच्या कॅरिअरचं स्टँड तयार झालं. आणि सिरीयलचं नाव ठरलं: 'बसून राहिलो'.

तलावाच्या पाळीवर, म्हणजे काठाच्या बांधावर, चार प्राणी बसलेले असतात. बडेबाबू नावाचा रेडा. चौकशी नावाचा कावळा, जो सगळ्या गोष्टींची चौकशी करतो आणि पुढे काहीच करत नाही. टाइमकीपर नावाचा कुत्रा, जो कायम झोपलेला. आणि टोकाला, सगळ्यांकडे पाठ करून, रस्त्याकडे बघणारी एक बगळी. तिला नाव नाही आणि एकही वाक्य नाही.

एका भागात तलावच रजेवर जातो आणि मासे पाळीवर येऊन विचारतात, "आता आम्ही काय करायचं?" बडेबाबू म्हणतो, "बसा." दुसऱ्या भागात एक सरकारी ऑफिस आपल्या पायांनी चालत तलावावर येतं आणि इतकं निवांत होतं की परत जायला तयार होत नाही. मी हसून हसून ओट्यावरून पडले होते.

पण बनवण्याची पद्धत! काका भिंतीवर चित्र काढतात, फोटो घेतात, ओल्या फडक्याने थोडं पुसतात, पुन्हा काढतात, पुन्हा फोटो. एका सेकंदाला बारा चित्रं. एकदा मी भीत भीत म्हटलं, "काका, हे प्राणी तर हलतच नाहीत. एकच फोटो ठेवला तर चालणार नाही का?"

काकांनी खडू खाली ठेवला. "बसलेलं जनावर बी श्वास घेते, पोट्टे. श्वास काढा लागते."

म्हणजे आळशी रेड्याच्या पोटाचं वर-खाली होणं काढायला हा माणूस दिवसाचे आठ तास उभा. मधे साडेदहाला चहा, एक वाजता जेवण, साडेचारला सुट्टीची शिटी. मुलगा फोनवर म्हणतो, "बाबा, आता आराम करा न." काका म्हणतात, "आरामाचंच काम चालू आहे बाप्पा. डिस्टर्ब नको करू."

आणि मस्टर. लाल पुठ्ठ्याचं खरं हजेरीबुक. प्राण्यांच्या नावापुढे रोज नोंद: 'बडेबाबू: हजर. काम: निरंक.' 'टाइमकीपर: हजर. झोप: समाधानकारक.' फक्त बगळीपुढे रोज तेच दोन शब्द, 'वाट पाहते.' मला वाटायचं, तिचं पात्र काकांना अजून सुचलेलं नसेल.

कावळ्याचा आवाज माझा आहे. कॉलेजात मी वर्गात उभी राहून बोलायला घाबरते. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे तिथे कसं बोलायचं हे विचारायला घरी कोणी नाही. पण काकांच्या अंगणात मी मोकळी ओरडते. पहिल्या रेकॉर्डिंगला मी सगळे संवाद पाठ करून, आरशासमोर सराव करून गेले. काकांनी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या हातात लेखी मेमो दिला: 'कावळ्याच्या आवाजात मेहनत ऐकू येऊन राहिली आहे. कारण दाखवा.' मी रात्रभर विचार करून उत्तर लिहिलं, 'सवय नसल्यामुळे चूक झाली. यापुढे मेहनत होणार नाही.' काकांनी ते फाइलला लावलं.

कुत्र्याचा आवाज माझ्या बाबांचा आहे. बाबांना हे माहीत नव्हतं. ते उरला नावाच्या भागातल्या कारखान्यात नाइट ड्युटी करतात आणि दुपारी झोपतात. काका मोबाइल घेऊन आमच्या खिडकीशी उभे राहायचे. "कलाकार आहे तुझा बाप," मला हळूच म्हणायचे. "पाह्य, कसा एका दमात पलटी मारते!"

तर या वर्षी आमच्या कॉलेजात विद्यार्थ्यांच्या छोट्या फिल्म दाखवणार असं ठरलं. मॅडमनी विचारलं, "और कौन?" आणि माझा हात वर गेला. कसा गेला ते मला अजून कळलेलं नाही. शुक्रवारी दुपारी तीन वाजता दाखवायचं होतं. तोपर्यंत नवा भाग झाला नाही, तर मॅडम माझं नाव घेणार, मी उभी राहणार आणि म्हणणार, झालं नाही. मला तेवढंच दिसत होतं.

काकांना सांगितलं तर त्यांनी वेळ नसताना शिटीच मारली. "कॉलेजात? पडद्यावर? बडेबाबू?" शेजारच्या साहू काकी काय झालं ते पाहायला बाहेर आल्या, "का होगे भैया?" काका म्हणाले, "वहिनी, आमचा रेडा कॉलेजात ॲडमिशन घेऊन राहिला!"

नव्या भागाची गोष्ट काकांनी तिथल्या तिथे सांगितली. सकाळी कारखान्याचा भोंगा होतो. बडेबाबूला उठायचा कंटाळा. म्हणून त्याची सावली उठते आणि त्याच्या जागी ड्युटीवर जाते. संध्याकाळ होते, सावली परत येत नाही. ओव्हरटाइम. कावळा चौकशी करतो. चंद्र खाली उतरून विचारतो, काय भानगड आहे. त्यालाही बसवून घेतात. वर्षं जातात. शेवटी सावली येते. बस.

"मग शेवटी काय होते?" मी विचारलं.

"पाहू," काका म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

आम्ही झपाट्याने कामाला लागलो. मला इतकं छान याआधी कधीच वाटलं नव्हतं. केसांत खडू, हाताला खडू, चहात खडू. पण बुधवारी दुपारी हिशेब केला तर चित्रं खूप उरली होती आणि खडू संपले होते. काका खडू आणायला गोल बाजारात गेले. जाताना म्हणाले, "तू वाट पाहण्याचा सीन पुढे घे. तुले जमते आता."

मी एकटी भिंतीसमोर. मनात म्हटलं, वेळ कसा वाचवता येईल? कावळा हवाच, तो बोलतो. रेडा हवाच. कुत्रा घोरतो. चंद्र हवा. मग टोकाची बगळी दिसली. ती बोलत नाही, हलत नाही, कोणाकडे बघतही नाही. तिचा श्वास काढण्यात मात्र प्रत्येक वेळी पाच मिनिटं जातात. तिला या सीनमध्ये काहीच काम नव्हतं. मी ओलं फडकं घेतलं आणि तिला पुसून टाकलं.

दोन तासांत मी किती पुढे गेले! काका आले तेव्हा मी ओट्यावरून उडी मारली. "काका, पाहा! शुक्रवारपर्यंत नक्की होते!"

काका भिंतीकडे बघत राहिले. खडूची पिशवी हातातच होती.

"ती कुठी गेली?"

"कोण? बगळी? तिला काही काम नव्हतं काका, म्हणून मी..."

"काम कोणाले आहे यात?"

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओट्याच्या टोकावर बसले, रस्त्याकडे तोंड करून. त्या जागी मी त्यांना पहिल्यांदाच बसलेलं बघितलं.

"ही तुझ्या काकूची जागा," ते म्हणाले. "साडेचारला माझी सुट्टी व्हायची. ती चार वाजताच इथी येऊन बसायची. मी ओव्हरटाइमले थांबायचो. कधी सहा, कधी आठ. रोज आलो की एकच विचारायची, 'आले काय?' आता दिसून राहिलो न समोर, तरी विचारायची. मी म्हणायचो, काहून विचारते वं? आणि आत जाऊन हातपाय धुवायचो."

मी फडकं मुठीत धरून उभी होते.

"म्हणायची, एक दिवस नुस्ते बसा माझ्याजवळ. मी म्हटलं, रिटायर झालो की बसू. रजा सगळी जमा करून ठेवली. एक दिवस खर्चली नाही." काकांनी चष्मा पुसला, हाताला खडू होता, त्यामुळे तो जास्तच पांढरा झाला. "चार महिने राहिले होते माझ्या रिटायरले. तेव्हा गेली."

मी म्हटलं, "काका, मी तिला परत काढते. पहिल्या चित्रापासून. कॉलेजचं राहू द्या."

"राहू द्या काहून? काढू न." त्यांनी नवा खडू फोडला आणि अर्धा मला दिला. "फक्त घाई नको करू. तिचा श्वास लहान आहे."

गुरुवारी मी कॉलेजला गेले नाही. दिवसभर आम्ही बगळी काढली, तिच्यासोबत उरलेली चित्रंही. पुसलेल्या जागी आधीच्या बगळीची फिकट रेघ राहिली होती, तिच्यावरच नवी बसली. संध्याकाळी काका म्हणाले, शेवटी सावली आली की बगळी बोलेल. एकच वाक्य. आवाज तू दे.

मी रजईत तोंड घालून, कारण आमचा स्टुडिओ म्हणजे रजई, म्हटलं, "आले काय?" सरावाशिवाय. काकांनी मेमो दिला नाही.

आता सावलीचं उत्तर. सावलीचा आवाज काकांचा. तेही रजईत शिरले. मी बटण दाबलं. आतून रजईचं टोक वर झालं. मग काका बाहेर आले आणि म्हणाले, "राहू दे. श्वास आहे न चित्रात. तेवढं पुरे."

शुक्रवारी तीन वाजता हॉल भरला होता. बाबा सुट्टी नसताना झोप मोडून आले. काका इस्त्रीचा शर्ट घालून, बगलेत मस्टर घेऊन शेवटच्या रांगेत दाराजवळ बसले. मॅडमनी माझं नाव घेतलं. मी उभी राहिले आणि म्हटलं, "झालं आहे." मराठीतच म्हणून गेले. कोणी हसलं नाही.

मग पडद्यावर तलाव आला, आणि पोरं काय हसली! सावली डबा घेऊन ड्युटीवर निघाली तेव्हा शिट्ट्या पडल्या. कुत्रा घोरायला लागला तसे बाबा ताडकन सरळ बसले. "प्रज्ञा, हे कोण घोरून राहिलं वं?" मागून काका म्हणाले, "हिरो, चूप बस."

चंद्र खाली आला. वर्षं गेली. रस्त्यावरून सावली परत आली, वाकलेली, बारीक झालेली. बगळीने पहिल्यांदा मान वळवली. माझ्याच आवाजात तिने विचारलं, "आले काय?"

पडद्यावर कोणी उत्तर दिलं नाही. फक्त दोघांची पोटं वर-खाली होत होती.

आणि शेवटच्या रांगेतून, अंधारातून, काका मोठ्याने म्हणाले, "हव. आलो."

सगळ्यांना ते फिल्ममधलंच वाटलं. इतक्या टाळ्या पडल्या की मॅडमचं पुढचं बोलणं ऐकू आलं नाही. मी मागे वळून पाहिलं नाही. मला पाहायचं नव्हतं असं नाही. पण ते त्या दोघांचं होतं.

शनिवारी आठ वाजले, शिटी झाली नाही. साहू काकींचं दूध उतू गेलं, कारण त्या शिटीवर गॅस बंद करतात. मी धावतच काकांच्या अंगणात शिरले.

काका ओट्यावर बसले होते. टोकाची जागा मोकळी सोडून, तिच्याशेजारी. मस्टर बाजूला उघडा होता. बगळीपुढे पहिल्यांदा लिहिलं होतं, 'हजर'. आणि खाली नवीन ओळ आखून: 'शेंडे: रजेवर.'

"काका, तब्येत?"

"फिट," ते म्हणाले. "बस न."

मी खालच्या पायरीवर बसले. काय बोलावं हा विचार मनात आला, पण मी तो केला नाही. समोरून सायकली गेल्या, एक गाय गेली. कारखान्याचा भोंगा झाला आणि आमच्यापैकी कोणी उठलं नाही.