घाटातली गाडी आणि शेषरावांचे रोडगे

कोणत्याही प्रगतिशील राज्याला निदान एक तरी अशी रेल्वे असावी लागते, जी नुसतं बघायला नेते आणि परत आणते. महाराष्ट्र राज्य नवं नवं झालं, तेव्हा ही उणीव रोहिणखेडच्या बाजूच्या घाटात भरून काढायचं ठरलं. गाडीचं नाव 'सृष्टिदर्शन'. (सृष्टी घाटमाथ्यावर होती, गाडी पायथ्याशी. बाकी योजनेत खोट नव्हती.)

अर्ध्या वाटेवर इंजिनाला पाणी पाजायला डेपो बांधला, तो नेमका शेषरावांच्या वांग्याच्या वावरात. वावर गेलं, बदल्यात डेपोतलं हॉटेल मिळालं. आता सगळं पोट त्या हॉटेलावर. शेषरावांनी जन्मात हॉटेल पाहिलं नव्हतं. त्यांनी बायकोला विचारलं, "हाटेलात काय ठेवा लागते वं?"

"पाहुणे," रुखमाबाई म्हणाल्या.

हेच पुढं हॉटेलाचं अधिकृत धोरण ठरलं. उतारू म्हणजे पाहुणा, पाहुण्याला कणकेचे जाडजूड रोडगे, आणि रोडगे भाजतात गोवऱ्यांच्या निखाऱ्यात, ज्याला वेळापत्रक वाचता येत नाही.

पहिल्याच फेरीला ड्रायव्हर भगवानराव निघाला पिंपळगाव राजाचा. म्हणजे रुखमाबाईंच्या माहेरचा. म्हणजे भाऊ. त्यानं शिटी मारली.

"काऊन रे दादा, बहिणीले भेवाडून राह्यला? उतर खाली. वांगे शिजून राह्यले."

"अवं बाई, गाडी लेट होते ना!"

"मंग भरभर खाय."

रोडग्यावर तूप आलं, तुपावर आग्रह आला. दिवस मावळला. अंधारात सृष्टी दिसत नाही, या तांत्रिक अडचणीमुळे गाडी तिथूनच परत फिरली. विलंबाचं कारण नोंदवलं गेलं : 'बहीण'. पुढच्या सगळ्या फेऱ्यांचंही तेच.

वरिष्ठांनी कडक पाऊल उचललं. भगवानरावाची बदली झाली आणि बीबी गावचा ड्रायव्हर आला. शेषरावांची लेक बीबीलाच दिलेली. लेकीच्या सासरचा माणूस! भावाचं रोडग्यांवर भागलं होतं, याला पुरणपोळीही आली. तेव्हा तिसरा ड्रायव्हर मुद्दाम परप्रांतातून मागवला, ज्याचं जिल्ह्यात चिटपाखरू नव्हतं. रुखमाबाईंचे डोळेच भरले. "बिचाऱ्याले इथं कोणीच नाही हो," म्हणून त्यांनी त्याला आठवडाभर ठेवून घेतलं. गाडीसकट.

दोन वर्षांत गाडी माथ्यावर एकदाही पोचली नाही. (अपघातही एकही नाही. असा सुरक्षित घाट देशात दुसरा नसावा.)

अखेर हॉटेल बंद करण्याचा हुकूम घेऊन पुण्याचे एक साहेब जीपनं आले. शेषरावांच्या तोंडचं पाणी पळालं. वावर आधीच रुळांखाली, आता हॉटेलही गेलं तर करायचं काय?

"मी इथे काहीही खाणार नाही," साहेबांनी जीपमधूनच जाहीर केलं.

"नका खाऊ, साहेब," शेषराव हात जोडून म्हणाले. "हुकूमच वाचा. फक्त बसून वाचा. दारी आलेला माणूस उभा राह्यला, तं आमच्या घरच्याईले बरं वाटत नाही."

साहेब बसले. ज्या रांगेत बसले, ती पंगत होती, हे पुण्याच्या माणसाला कळायला उशीर झाला. समोर पत्रावळ पडली. वाढल्या पत्रावळीवरून उठणं म्हणजे घराचा अपमान, एवढं मात्र पुण्यातही कळतं.

"अर्धाच घ्या, साहेब," रुखमाबाई म्हणाल्या. (त्या भागात अर्ध्याचे दोन होतात.) हुकूम दुसऱ्या परिच्छेदापर्यंत वाचला गेला. मग त्यावर तूप सांडलं. साहेब झोपेतून उठले, तेव्हा गुरं चरून परतली होती.

त्यांचा अहवाल आजही आदर्श मानावा असा आहे : 'हॉटेल उत्तम चालले आहे. रेल्वे मात्र त्याच्या अंगणात विनाकारण धूर करते. सबब रेल्वे बंद करावी.'

ती झाली. शेषरावांनी गाडीच्या रिकाम्या डब्यांतून पंगती मांडल्या. उतारू आता एस.टी.नं येतात, जेवतात, आणि सृष्टिदर्शन झालं म्हणून समाधानानं परततात. माथ्यावर पाहण्यासारखं काय होतं, हे एकानंही विचारलं नाही.

तुम्ही तरी कुठं विचारलंत? तुम्हाला विचारायचंय ते एवढंच, की रोडगे अजून मिळतात का.

मिळतात. बसा.