बोंडघाटी करंड्याच्या कज्जाची हकीकत

श्रीविश्वकर्मा प्रसन्न. ज्या देवाने चराचरास प्रथम आकार दिला आणि कोणत्याही दप्तरी त्याची नोंद केली नाही, त्यास साष्टांग नमन करोन लिहिले जाते ऐसे जे : शके सोळाशे एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सरी, श्रावणमासी, एका राज्याचे राजधानीत भर न्यायसभेत जो प्रकार जाहला तो पाहोन शहाणेसुर्ते थक्क जाहले आणि कित्येकांचा विडा हातातल्या हातातच राहिला. तो प्रकार कैसा जाहला, तो साद्यंत ऐकावा.

तांबटआळीत आवडाबाई तांबट म्हणोन होत्या. यजमान रायाजी सरकारी तोफखान्यात ओतकामावर, बारमाही छावणीस. म्हणोन घरचा कारखाना आवडाबाईंनी पाहावा आणि घरची चूल थोरल्या जाऊबाई ठकूबाई यांनी, ऐसी वाटणी होती. कारखान्यात आजेसासऱ्यांचे वेळचे साचे, तोच तांब्या, तीच परात, आणि आवडाबाईंचा जीव त्यांत रमेना. बेढब वस्तू दिसली की बाईंचे डोके उठावे. कोणाकडे जेवावयास गेल्या तर भाजी कैसी जाहली हे बाजूस, वाटीचा काठच न्याहाळीत बसाव्या. मग एके समयी परसातील कापशीचे बोंड उकलताना पाहिले आणि तेच मनात घेतले, आणि मेणाचे नमुने करावे, मोडावे, पुन्हा करावे, ऐसे करिता करिता पौषमासी कुंकवाचा करंडा सिद्ध जाहला. खाली बोंडासारखा गोल, वरी तीन पाकळ्यांचे झाकण, पाहणाऱ्यास वाटावे पाकळ्या आत्ताच उकलल्या. बाईंनी तो तळहाती घेतला आणि डोळ्यांस पाणी आले. आजवर घरात जे घडले ते वाडवडिलांचे साच्यातून. हा एवढा एक घाट बाईंचा स्वतःचा.

तो संक्रांत आली. ठकूबाई म्हणाल्या, "आवडे, यंदा वाण काय लुटायचे गं? खोबऱ्याच्या वाट्या नकोत हो, मागच्या साली खवट निघाल्या, अजून बायका नावे ठेवतात." आवडाबाई म्हणाल्या, "जाऊबाई, करंडेच लुटू. बायकांस रुचले तर मग पुढे पाहू." अहो, कारागिराचे मन ते! चार लोकांनी वाहवा केल्यावाचून त्यास अन्न गोड लागते होय? मग रथसप्तमीपावेतो हळदीकुंकू जाहले, आणि आळीतील सवाष्णींनी करंडे नेले, आणि जिकडे तिकडे एकच बोलवा, "काय गं बाई घाट!" बाई हरखोन गेल्या.

आता त्या राज्याचा कायदा ऐसा होता की जो कोणी वस्तूचे रूप, म्हणजे डोळ्यांस दिसते ते रूप, नवे काढील, त्याने नमुने-दप्तरी नोंद करावी, आणि मग दहा साल, अर्ज केलियास वर आणखी पाच, ते रूप दुसऱ्याने करू नये आणि विकू नये. करंडा रुचला ऐसे पाहोन चैत्रमासी आवडाबाई दप्तरी गेल्या. तेथील कारकून दामोदरपंत सज्जन गृहस्थ. त्यांनी कलमे एकामागोन एक वाचोन दाखविली, आणि नोंदीपूर्वी हा घाट राज्यात कोठेही उघड जाहला असेल तर नोंद रद्द, हेही कलम स्पष्ट वाचिले. परंतु बाईंचे ध्यान कोठे? पंतांचे मेजावर समई होती, तिची बैठक अंमळ अधिकच रुंद होती, आणि ही कोणा गाढवाने केली ऐसे बाईंचे मनात चालले होते. पंतांनी विचारिले, "बाई, कळले ना सारे?" बाई म्हणाल्या, "कळले, कळले." मग मोहोर जाहली, सनद मिळाली, आणि बाई घरी येवोन पेढे वाटत्या जाहल्या.

ज्येष्ठमासी बाजारपेठेत रखमशेट नामे भांड्यांचा मोठा व्यापारी, त्याचे दुकानी बोंडघाटी करंड्यांची रास लागली. पत्रा पातळ, पाकळी वाकडी, पण घाट तोच, आणि तळाशी रखमशेटाचे नाव! आवडाबाईंनी तो हाती घेतला मात्र, बाईंचे तोंडचे पाणी पळाले. मग दुःख गेले आणि संताप आला, आणि सनद घेवोन बाई न्यायाधीश केशवशास्त्री यांचे सभेत फिर्यादी जाहल्या.

सभेचे दिवशी रखमशेट भरजरी पागोटे घालोन आला आणि छातीठोकपणे बोलिला, "महाराज, हा घाट माझा. फाल्गुनातच माझे दुकानी होता. बाईंनी माझा पाहोन चैत्रात नोंदविला." धडधडीत खोटे! शास्त्री म्हणाले, "शेट, साक्षीदार?" तो शेट पागोटे चाचपू लागला. "गिऱ्हाइके होती महाराज, आता कोठून आणू?" शास्त्रींनी हसोन लेखणी उचलिली आणि म्हणाले, "साक्ष नाही, पुरावा नाही. घाट बाईंचा ठरतो."

येथे बाई गप्प बसत्या तर ही हकीकत लिहावी न लागती. परंतु आपले लेकरास दुसऱ्याने आपले म्हणावे हे बाईंस सोसवले नाही. उभ्या राहोन म्हणाल्या, "थांबावे महाराज! हा लबाड फाल्गुन म्हणतो, मी पौष दाखविते. माझे साक्षीदार बाहेर उभे आहेत." शास्त्री म्हणाले, "बाई, गरज नाही. बसा." बाई म्हणाल्या, "गरज कैसी नाही? उभ्या आळीस ठाऊक आहे!" आणि दाराकडे हाक दिली, "जाऊबाई, या हो आत!"

मग काय सांगावे! ठकूबाई पुढे आणि आळीच्या बायका मागे, ऐसी फौज सभेत शिरली, आणि प्रत्येकीचे हाती करंडा. कोणाचे झाकण उघडोन सरकारी गालिच्यावर कुंकू सांडले. ठकूबाई बोलिल्या, "महाराज, हा शेट खोटारडा आहे, मेला! माझ्या धाकट्या जावेने हा संक्रांतीला केला. हे पाहा वाण, पौषातले." बाकीच्या एकसाथ म्हणाल्या, "आम्हालाही दिले, आम्हालाही!"

शास्त्रींनी लेखणी खाली ठेविली. त्यांचा चेहरा उतरला. हळूच विचारिले, "देताना कोणास दाखवू नका ऐसे बजाविले होते काय? शपथ घातली होती काय?"

आवडाबाईंस उमज पडेना. तो ठकूबाईंनी जिंकल्याचे तोऱ्यात उत्तर केले, "शपथ? अहो, वाण का कोणी झाकून ठेवते? मी तर देवळात दाखवले, तळ्यावर दाखवले, लेकीच्या सासरी नेऊन विहिणीच्या नाकावर टिच्चून दाखवले!"

शास्त्री म्हणाले, "बाई, शेटाचे खोटे मी मानिलेच नव्हते. परंतु तुमचे खरे मला मानावे लागते. नोंद चैत्रातली. घाट पौषापासोन साऱ्या गावापुढे. नोंदीपूर्वी जो उघड जाहला तो कायद्यास नवा नाही, मग उघड करणारे स्वतः घडविणारे का असेनात. सनद रद्द. हा घाट आता कोणीही करावा."

आवडाबाईंस ऐकू आले, पण अर्थ पोचेना. हातातली सनद उलटीसुलटी करोन पाहिली. म्हणाल्या, "पण महाराज, मीच केला ना?" शास्त्री म्हणाले, "तुम्हीच केला. त्यात तिळमात्र संशय नाही." "मग?" शास्त्रींनी सनद परत घेण्यास हात पुढे केला. खुद्द रखमशेट आ वासोन पाहात राहिला. त्यास वाटले हा काही डाव असावा, आणि तो हळूहळू दाराकडे सरकू लागला. ठकूबाईंचे तोंड पांढरे पडले. म्हणाल्या, "म्हणजे मी घालवले? अहो, आम्ही सगळ्या करंडे विहिरीत टाकतो, आत्ता टाकतो, कुणी पाहिलाच नाही म्हणा!" शास्त्री म्हणाले, "बाई, पाहिलेले परत घेता येत नाही." हे ऐकताच ठकूबाईंनी भर सभेत हंबरडा फोडिला.

त्या दिवसापासोन दोघी जावांत शब्द उरला नाही. आवडाबाईंनी राग धरिला ऐसेही नाही. बाईंस बोलावेसेच वाटेना. रखमशेटाचे करंडे गाडीगाडीने परगावी गेले, आणि मग दुसरे व्यापारीही करू लागले. भाद्रपद गेला, आणि आश्विनमासी कारखान्यात पुन्हा मेण वितळू लागले. बाईंनी एक अत्तरदाणी मनात घेतली होती. ते कळताच ठकूबाईंनी अजब चालविले. अंगण ओलांडावयाचे तर डोळ्यांवरोन पदर ओढोन घ्यावा आणि भिंत चाचपडीत जावे. एकदा परातीवर आपटोन गुडघा फोडोन घेतला. दामोदरपंत आपली समई दुरुस्तीस घेवोन कारखान्यात आले होते, त्यांनी पाहिले आणि समजाविले, "ठकूबाई, घरच्या माणसाने विश्वासाने पाहिले तर कायद्याचा बाध नाही हो." बाई पदराआडोन म्हणाल्या, "पंत, मला विश्वासाचे काही कळत नाही. मला पदर कळतो."

आवडाबाईंनी ते ऐकिले आणि हातातले मेण तैसेच राहिले. कार्तिकात अत्तरदाणी प्रथम दप्तरी गेली, मोहोर जाहली, आणि मग बाई ती घेवोन चुलीपाशी आल्या. म्हणाल्या, "जाऊबाई, पदर काढा." "नोंद झाली?" "झाली." "पंतांनी स्वतः मोहोर केली? तुझ्या देखत?" "माझ्या देखत. आणि या खेपेस कलमे ऐकली मी, सगळी." मग ठकूबाईंनी पदर काढिला, आणि पाहात राहिल्या, आणि चुलीवरची भाकरी करपली तरी हलल्या नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "आवडे, कुणाची गं ही?" आवडाबाई म्हणाल्या, "माझी." आणि एवढे बोलोन बाईंस हुंदका आवरेना.

येणेप्रमाणे कज्जा जाहला. अत्तरदाणी आवडाबाईंचे नावे राहिली, तिची मुदत सरेपावेतो. बोंडघाटी करंडा मात्र त्या राज्यात घरोघर आहे, सवाष्णी नित्य त्यातील कुंकू लावितात, आणि हा घाट कोणी काढिला म्हणोन पुसले तर म्हणतात, "कुणी काढायचा? असाच असतो करंडा." लेखनसीमा.