रानडुकराची प्रकृती स्थिर

ज्या वर्षी सापळेवाल्याच्या धाकट्या लेकीला जुळं झालं, त्याच वर्षी उपद्रवी वन्यप्राणी नियंत्रण कक्षात संगणक आला. लेक परगावी, जावई सतत फिरतीवर. तिने फोनवर रडतच सांगितलं होतं, "बाबा, एकतीस तारखेला नोकरीतून सुटलात की एक तारखेच्या सकाळच्या गाडीत बसा. आईलाही आणा. एक दिवस उशीर झाला तरी मला वेड लागेल." बायकोने तिकिटं काढली आणि बॅगा भरून दाराशी लावून ठेवल्या. आता फक्त निवृत्त व्हायचं बाकी होतं, आणि ते तर कुणालाही जमतं असा सापळेवाल्याचा समज होता.

निवृत्तीला तीन आठवडे उरले असताना बेकरीच्या मागच्या बोळात एक रानडुक्कर मेलेलं सापडलं. चांगलं शंभर किलोचं. पिठाच्या ट्रकखाली आलं असावं.

सापळेवाल्याला त्याचं काही नवल नव्हतं. चौतीस वर्षांत त्याने कोल्हे, माकडं, साळिंदरं, एकदा तर अजगरसुद्धा मातीआड केला होता. विहिरीपासून लांब, छातीइतका खोल खड्डा, खाली चुना, वर चुना, मग माती आणि माथ्यावर दगड, म्हणजे कुत्री उकरत नाहीत. अर्ध्या दिवसाचं काम. फक्त आता पुरण्याच्या मैदानाचं फाटक संगणकाचा क्रमांक दाखवल्याशिवाय उघडत नसे. म्हणून डुक्कर गाडीत घालून तो कचेरीत आला.

कारकून सरसावून बसला. "काका, जनावराची स्थिती?"

"मेलेलं."

"तसं नाही चालत. इथे दोनच पर्याय आहेत. जिवंत, शांत. किंवा जिवंत, आक्रमक."

"आणि मेलं असेल तर?"

"मेलेलं जनावर उपद्रव देतं का? नाही. म्हणजे ते उपद्रवी नाही. म्हणजे ते आपल्या कक्षाकडे येतच नाही. साहेबांनी बैठकीत स्वतः ठरवून घेतलंय."

सापळेवाल्याने खिडकीतून गाडीकडे पाहिलं. गाडीत डुक्कर होतं आणि डुकरावर माश्या होत्या. "आक्रमक तर दिसत नाही," तो म्हणाला.

"मग शांत." कारकुनाने बटण दाबलं. क्रमांक मिळाला, आणि 'जनावर कोणाच्या ताब्यात' या ओळीत सापळेवाल्याचं नाव आपोआप उमटलं.

मैदानाच्या पहारेकऱ्याने तो कागद वाचून सरळ हात जोडले. "दादा, यात जिवंत लिहिलंय. जिवंत जनावर पुरू दिलं तर मला आत टाकतील. मेल्याचा दाखला आणा, मग पुरा."

दाखला देण्याचा अधिकार कक्षाच्या डॉक्टरीणबाईंना होता. त्या बाहेर आल्या, गाडीपासून दहा पावलांवर थांबल्या आणि नाकाला रुमाल लावला.

"कधी मेलं?"

"काल, बाई."

"ताब्यात कधी घेतलंत?"

"आज."

"अहो, म्हणजे मेल्यावर पकडलंत? तसं लिहिता येत नाही. आज मेलं म्हणावं, तर तुमच्या ताब्यात मेलं. मग चौकशी आली, चिरफाड आली, आणि ती मलाच करावी लागणार." त्यांनी लांबूनच डुकराकडे थोडा वेळ निरखून पाहिलं. "काही हालचाल, काही बिघाड नाही ना? मग मी 'प्रकृती स्थिर' लिहिते. उद्या परत आणा."

दुसऱ्या दिवशीही प्रकृती स्थिरच होती. वास मात्र वाढला होता. डुक्कर कचेरीच्या मागच्या छपरीत ठेवलं होतं आणि भोवतालच्या चाळीस घरांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या. चार जण तावातावाने साहेबांकडे गेले. साहेब अत्यंत सौजन्याने वागले. त्यांनी तक्रारीचा अर्ज दिला आणि समजावून सांगितलं, की तक्रारदाराने निकाल लागेपर्यंत दर मंगळवारी अकरा वाजता जातीने हजर राहावं. ज्यांची तक्रार नाही, त्यांच्यासाठी दुसरा अर्ज होता. त्यावर फक्त सही करायची होती.

चाळीसच्या चाळीस घरांनी दुसऱ्या अर्जावर सह्या केल्या. एका हाताने, कारण दुसरा हात नाकावर होता. "सदर जनावर मनमिळाऊ असून त्याचा आम्हांस कोणताही त्रास नाही," असं वर छापलेलंच होतं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना, सापळेवाल्याने काय करायचं ते केलं. छपरीपलीकडच्या पडीक जागेत छातीइतका खड्डा खणला. घर रंगवून उरलेला चुना आणला. डुक्कर नीट कुशीवर ठेवलं, माती लोटली, दगड रचले आणि घाम पुसत दोन मिनिटं तिथेच बसला. चौतीस वर्षांत हे एवढं एकच काम त्याने चोरून केलं होतं, आणि तेही बरोबर केलं होतं म्हणून चोरून. वास गेला, खिडक्या उघडल्या. कुणी काही विचारलं नाही.

तीस तारखेला तो निवृत्तीचे कागद घ्यायला गेला. कारकुनाचा चेहरा पडला.

"काका, तुमच्या ताब्यात एक जनावर जिवंत दिसतंय."

"अरे, तुला सगळं माहीत आहे ना?"

"मला आहे हो, याला नाही." त्याने संगणकावर टिचकी मारली. "जनावर ताब्यात असेपर्यंत तुम्हाला सोडता येत नाही."

"मग मेलं म्हणून लिही."

"कोठडीतला मृत्यू. चौकशी दीड वर्ष."

"पळालं म्हण."

"उपद्रवी जनावर मोकाट? शाळा बंद, बाजार बंद, बंदुका बाहेर."

"रानात सोडलं म्हण."

"पळत जातानाचा फोटो लागतो."

सापळेवाला मटकन खुर्चीत बसला. "माझी लेक तिकडे दोन पोरं घेऊन एकटी आहे रे. बॅगा दाराशी आहेत. काहीतरी बघ."

कारकून मनाने वाईट नव्हता. त्याने नियमांचं पुस्तक काढलं आणि बोट ठेवून वाचू लागला. "ताबा संपण्याची कारणं. जनावराचा मृत्यू, जनावराची मुक्तता..." बोट तिसऱ्या ओळीवर थांबलं. त्याने हळूच वर पाहिलं. "...किंवा ताबाधारकाचा मृत्यू. याला चौकशी नाही, काका. एका दिवसात होतं."

घरी बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे उद्या तुम्ही जाणार?"

"कागदावर."

"आणि परवा गाडीत?"

"तुझ्या शेजारी."

"मग स्वतःची बॅग स्वतः उचला. मेलेल्या माणसाचं ओझं मी वाहणार नाही." मग म्हणाली, "अहो, पेन्शन अर्धीच मिळेल ना?"

"खाणारा एक कमी झालाच की."

"तुम्ही? तुम्ही कमी खाणार?" असं म्हणून ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसताना मात्र तिने त्याचा हात घट्ट धरून ठेवला.

एकतीसला सकाळी डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवलं. "जरा श्वास रोखा. हं. सोडा. कशाने गेलात, लिहू?"

"तुम्हीच ठरवा, बाई."

"डुकराने मारलं असं लिहिलं तर ते आक्रमक ठरेल, आणि पकडायला पुन्हा माणूस लागेल. वयोमानाने लिहिते." त्यांनी सही केली. "तब्येत मात्र ठणठणीत आहे हो तुमची. जपा."

कचेरी साडेपाचला बंद होत असल्यामुळे शोकसभा चारला ठेवली. साहेब बोलले, कारकून बोलताना खरंच गहिवरला. सापळेवाला मागच्या रांगेत बसला होता. सगळे उभे राहिले तेव्हा तोही दोन मिनिटं उभा राहिला. चाळीस घरांतून माणसं आली होती. तुम्हीही होतात. जाताना दारात तुमची त्याची गाठ पडली, तुम्ही त्याला ओळखलंत, क्षणभर थबकलात. मग फळ्यावरची त्याच्या निधनाची लेखी सूचना पाहिलीत, त्याचा हात हातात घेतलात आणि म्हणालात, "फार चांगला माणूस होता."

"हो ना," तो म्हणाला.

सापळेवाला एकतीस तारखेला सकाळी साडेअकरा वाजता, वयाच्या साठाव्या वर्षी, वयोमानाने वारला. रानडुक्कर त्याआधी बावीस दिवस, पहाटे बेकरीमागे मेलं, पण तशी नोंद नाही.