भिंगारदिवे सरांचा सराव

भिंगारदिवे सरांच्या कीबोर्डवर, एंटरच्या बटणावर, मसाल्याच्या डब्यातली एक वाटी पालथी घातलेली असते. चुकून हात लागू नये म्हणून. एंटर दाबायचं असलं की ते वाटी उचलतात, स्क्रीनवरचं दोनदा वाचतात आणि माझ्याकडे वळून विचारतात, "मॅडम, खात्री आहे ना?" मी "आहे" म्हटलं की वाटी परत ठेवतात आणि पाणी प्यायला उठतात.

मी सावेडीत त्यांच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहते, कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, आणि माझ्या अंगात सबुरी औषधालाही नाही. मूळची शेवगावची. डोकं तापलं की शहरी मराठी गळून पडते आणि "लई झालं आता!" बाहेर येतं. सरांच्या घरी ते रोज यायचं.

सर गणिताचे रिटायर्ड शिक्षक. त्यांना गॅसची भीती, लिफ्टची भीती, अनोळखी नंबरची भीती. ओळखीच्या नंबरची त्याहून जास्त, कारण ओळखीचे लोक वाईट बातमी सांगायलाच फोन करतात असं त्यांचं ठाम मत. पालसुद्धा मारत नाहीत. "एक मारली की बाकीच्यांना कळतं, मॅडम." त्यांच्या पत्नी मार्थाबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्या बाई कशालाच भ्यायच्या नाहीत. एकदा जिन्यात साप निघाला तर त्यांनी झाडूनं ढकलत बादलीत घातला आणि माळावर सोडून आल्या. सर तोवर पलंगावर उभे राहून प्रार्थना करत होते.

अशा माणसाकडे त्यांच्या मंडळीनं, म्हणजे चर्चच्या लोकांनी, दफनाचं रजिस्टर सोपवलेलं. कोण कधी गेलं, कबरस्तानात कुठल्या ओळीत ठेवलं, हे सगळं सर वळणदार अक्षरात लिहायचे. त्या रजिस्टरला वाळवी लागली. वर एका पानावरचं नाव कुणीतरी ब्लेडनं खरवडलेलं सरांना दिसलं. दोन दिवस जेवले नाहीत. "तो माणूस दोनदा गेला हो, मॅडम," म्हणाले, आणि डोळे पुसले.

मग त्यांनी कुठल्याशा व्याख्यानात ब्लॉकचेन डेटाबेसबद्दल ऐकलं आणि थेट माझ्या दारात उभे राहिले. मी त्यांना सोप्या भाषेत सांगितलं. ही एक अशी वही, की तिच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणच्या कॉम्प्युटरवर असतात आणि एकदा लिहिलेलं कुणाच्या बापाला खोडता येत नाही. असा प्रत्येक कॉम्प्युटर म्हणजे एक नोड. पण खरी वही उघडण्याआधी घरच्या मशीनवर सरावाचा नोड उभा करायचा. त्यात हवं ते लिहा, चुका, बंद केला की सगळं पुसलं जातं, पाटी कोरी.

"पुसलं जातं?" सरांचा चेहरा एकदम खुलला. "मग आपण आधी सराव करू."

सरावाचा नोड उभा करायला मला एक दुपार पुरते. सरांकडे तीन आठवडे लागले. स्क्रीनवर लाल अक्षरं आली की ते खुर्चीसकट मागे सरकायचे. "कनेक्शन नाकारलं म्हणतोय. कोणी नाकारलं? काय कारण दिलं?" पहिली नोंद करण्याआधी त्यांनी उभं राहून प्रार्थना केली, मलाही उभं केलं. त्यातून मंडळीची रीत अशी, की रजिस्टरातल्या प्रत्येक नोंदीला दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. साक्षीशिवाय नोंद म्हणजे सरांना पापच. म्हणून एकाच मशीनवर मी तीन नोड चालवले आणि सरांनी त्यांची नावं ठेवली: पाळक, सेक्रेटरी आणि पंच.

तिथून आमचे खरे हाल सुरू झाले. "आज सेक्रेटरी गावाला गेलेत असं धरू," म्हणून सर एक नोड बंद करायचे आणि नोंद होते का ते बघायचे. एके दिवशी पाळक नावाचा नोड आपोआप बंद पडला. सर पांढरेफटक. त्यांनी तडक खऱ्या पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या पाद्रींना, फोन लावला, "सलाम साहेब, तब्येत बरी आहे ना?" साहेब म्हणाले, जरा पित्त झालंय. त्या दिवसापासून सरांनी त्या नोडला हात लावणंच सोडलं.

चार महिने गेले. सर रोज नावं भरायचे, आठवडाभरानं सगळं बंद करायचे आणि पहिल्या नावापासून पुन्हा सुरुवात करायचे. विचारलं की एकच उत्तर, "सराव चालू आहे." मला वाटायचं, स्पेलिंगची भीती असेल.

शेवटी पाळकसाहेब घरी आले. चांगले, शांत गृहस्थ. म्हणाले, "सर, रविवारी मंडळीसमोर नोंदी दाखवा. नाही जमलं तर रजिस्टर पुण्याच्या एजन्सीला द्यावं लागेल. वाळवी थांबत नाही." साहेब गेल्यावर सर रजिस्टर पोटाशी धरून बसले. एजन्सीचं पोरगं ती नावं कशी लिहील, कुणाचं काय करील! मी तीन दिवस खपून खरी वही तयार केली. सरांच्या चर्चचा एक कॉम्प्युटर, संगमनेरच्या मंडळीचा एक, शेवगावचा एक. लिहिलेलं बदलत नाही, पण खाली साक्षीदारांची नावं नंतर जोडता येतील अशी सोय ठेवली. सरांनी सरावातल्या नोंदी तपासून तिकडे पाठवायच्या, एवढंच बाकी होतं.

शनिवारी दुपारी जेवायला बसले आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. भिंतीपलीकडून त्यांच्या मशीनच्या पंख्याची घरघर चार महिने अखंड यायची. ती येत नव्हती. मी बेल वाजवली. उत्तर नाही. दार वाजवलं, हाका मारल्या. आत खुर्ची सरकल्याचासुद्धा आवाज नाही. खोटं कशाला बोलू, मी पुरती घाबरले. किल्ली कुणाकडे ठेवायचीही त्यांना भीती, त्यामुळे बाहेरून उघडायची सोय नाही. "सर, दार उघडा! न्हाई तर मी फोडीन!" अशी मी गावच्या आवाजात ओरडले, तेव्हा कुठे कडी निघाली.

सर धडधाकट होते. पडदे ओढलेले, मशीन बंद.

"मीच बंद केलं," ते म्हणाले. "सगळं गेलं."

मी बोलायला तोंड उघडलं आणि टेबलावरचं रजिस्टर दिसलं. शेवटचं पान उघडं होतं. सगळी नावं काळ्या शाईत, आणि मधेच एक ओळ पेन्सिलनं. मार्था भिंगारदिवे, प्रभूमध्ये निजली. पुढे तारखेच्या रकान्यात काहीच नाही. तिच्याखाली आणखी चार नावं, पुन्हा शाईत. म्हणजे चार महिने हा माणूस या ओळीपर्यंत यायचा आणि पाटी कोरी करून मागे फिरायचा.

"घरात भ्यायचं काम माझं होतं, मॅडम," सर म्हणाले. "बाकी सगळी कामं तिची. ती तारीख मी हातानं लिहिली तर... मग कुणालाच ती खोडता येणार नाही. तुम्हालाही नाही." आणि ते लहान मुलासारखे रडले. मीही रडले. मग चहा केला, कारण दुसरं काय करतात अशा वेळी.

"तारीख रिकामी ठेवली तर चालेल का?" त्यांनी फार हळू विचारलं.

चालणार नव्हतं. तारखेशिवाय नोंद घेऊ नये असं मीच फॉर्मात घातलं होतं. मी खुर्ची ओढली, मशीन सुरू केलं, ती अट काढून टाकली आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी मिळून पहिल्या नावापासून सगळी नावं खऱ्या वहीत घातली, मी वाचत गेले आणि सर दाबत गेले. मार्थाबाईंचं नाव त्यांनी स्वतः वाचलं.

रविवारी चर्चमध्ये मोठ्या पडद्यावर नोंदी दाखवल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाळकसाहेब मात्र शेवटच्या पानाशी थांबले, चष्मा वर केला.

"इथं तारीख राहिलीय का, सर?"

सरांच्या आधी मी उठून उभी राहिले.

"चूक माझी आहे, साहेब. फॉर्म मी केला. आता दुरुस्त होत नाही, कायमचं तसंच राहणार."

पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे बराच वेळ बघितलं. मार्थाबाईंच्या दफनाला प्रार्थना त्यांनीच केली होती; दिवस, वार, सगळं त्यांना पाठ असणार.

"राहू द्या," ते म्हणाले, आणि साक्षीदार म्हणून त्या नोंदीखाली त्यांनी आपलं नाव घातलं.