ठमीची लस आणि पिवळ्या चिठ्ठ्या

आरोग्य केंद्रातली लसीकरण सेवा व्यवस्थित चालली होती. लेकरू न्यायचं, सिस्टरनी टोचायचं, लेकरानं भोकांड पसरायचं, आपण घरी यायचं. इतक्या साध्या सेवेत सुधारणेला प्रचंड वाव आहे, हे वरिष्ठ कार्यालयाच्या ध्यानात आलं. त्यामुळे मंगळवारी सकाळी, मी नऊ महिन्यांच्या ठमीला कडेवर घेऊन रांगेत पहिली उभी असताना, 'सेवासुधार विचारमंथन सत्र' सुरू झालं.

शेजारच्या जुळ्यांना गोवर निघाला होता. ठमीला लस आजच हवी होती. माझी रजाही आजचीच होती.

सिस्टरनी नुकतीच बाटली उघडली होती. तेवढ्यात सुलभक आले. सुलभक म्हणजे स्वतः काही न करता, इतरांना ते करणं सोपं व्हावं म्हणून नेमलेले गृहस्थ.

"सिस्टर, ती सुई ठेवा. सेवा देणाऱ्यांचा सहभाग अनिवार्य आहे."

"अहो, बाटली उघडलीये. चार तासांत संपली नाही तर फेकावी लागते. दुसरी थेट पुढच्या मंगळवारी."

"चार तास? मग घाई कसली!"

प्रत्येकाला पाच पिवळ्या चिठ्ठ्या मिळाल्या. पाच मिनिटांत पाच कल्पना. बोलायचं नाही, कुणाच्या कल्पनेला नावं ठेवायची नाहीत. लाभार्थी म्हणून ठमीलाही चिठ्ठ्या मिळाल्या. तिनं आपल्या दोन नव्या दातांनी एक खाल्ली. 'लाभार्थीने कल्पना आत्मसात केली' अशी नोंद झाली.

माझ्यासोबत आलेल्या सासूबाईंनी पाचही चिठ्ठ्यांवर एकच लिहिलं: आधी लस द्या.

"आजी, हे तर आपण आधीपासूनच करतो. इथे नवीन काहीतरी हवं."

"नवीन म्हणजे? पोरांना सोडून तुला टोचू?"

"वा! लिहा, लिहा. कुठलीच कल्पना वाईट नसते."

दुसरी फेरी उलट्या विचाराची होती: हीच सेवा जास्तीत जास्त वाईट कशी करता येईल? सिस्टरनी क्षणात लिहिलं, 'एकुलत्या एका सिस्टरला मीटिंगमध्ये बसवा.'

सुलभक हरखले. "आता याच्या उलट करू या, म्हणजे सुधारणा सापडेल!"

"उलट म्हणजे मला सोडा."

"छे. एकीला बसवणं वाईट, म्हणजे दोघींना बसवणं चांगलं. दुसरी सिस्टर मागवू."

दुसरी सिस्टर शेजारच्या केंद्रातून आली. तिथली रांगही तिच्या मागोमाग आली.

मग मतदान. प्रत्येकाला तीन लाल टिकल्या. इथे मला एक कबुली द्यायला हवी. भिंतीवर बदकं रंगवावीत, ही माझी कल्पना होती, आणि तिला दोन मतं कमी पडत होती. मी ठमीला सासूबाईंकडे दिलं आणि मागच्या बाकावरच्या बायकांना गाठलं. "तुमच्या सरकत्या पाळण्याला मी देते, तुम्ही माझ्या बदकांना द्या." बदकं पहिली आली. टाळ्या झाल्या. मला प्रमाणपत्र मिळालं. मागे वळले, तर चार तास संपले म्हणून सिस्टर घड्याळाकडे बघत अख्खीच्या अख्खी बाटली कचऱ्याच्या लाल डब्यात टाकत होत्या.

"अगं, पोरीचं काय?" सासूबाईंनी विचारलं. ठमी त्यांच्या खांद्यावर गाढ झोपली होती, ओठ चोखत, दंडावर कुठेही टोचल्याची खूण नसलेली. माझ्या हातात प्रमाणपत्र होतं, ते कुठे लपवावं कळेना.

अहवाल त्याच संध्याकाळी वर गेला: 'सत्राचा परिणाम तात्काळ दिसला. आज सुईमुळे एकही बाळ रडले नाही.'

हे वाचता वाचता तुमच्याही मनात एखादी सूचना आलीच असेल. सत्र सुट्टीच्या दिवशी घ्यावं, किंवा आधी लस मग चर्चा, असं काहीतरी. चांगली आहे हो सूचना. पुढच्या मंगळवारी जरूर घेऊन या. ती ऐकून घ्यायला दोन्ही सिस्टरना सकाळपासून बसवणार आहेत.