तरसगुरुजींचा खोकला आणि मुलांचे थेंब

बाळांनो, एका जंगलात एक शाळा होती आणि ती गुहेत भरायची. उजेडाने मुलांचं लक्ष उडतं, म्हणून गुहेच्या तोंडाला वेलींचा जाड पडदा लावला होता. आत तरसगुरुजी शिकवायचे. ते सिंहमहाराजांच्या खास मर्जीतले. पाढे सांगता सांगता ते खोकायचे आणि खोकून झालं की पुन्हा पाढे सांगायचे.

हळूहळू मुलं सुकायला लागली. माकडाचं एक पोर तर क्षयाने गेलं. तेव्हा कुठे महाराजांनी सभा भरवली आणि वैद्यराज कोल्ह्याला बोलावलं.

कोल्हा म्हणाला, "मुलांना ऊन मिळत नाही, महाराज. अंगात ड जीवनसत्त्व कमी आहे. अशा मुलांना क्षयाची लागण लवकर होते."

"मग वर्ग उन्हात भरवा," गोदू हरिणी म्हणाली. तिचं पाडस बकुळ त्याच शाळेत होतं. "आणि लागण होते कुणाकडून? गुरुजींना तपासा की आधी."

सभेने महाराजांकडे पाहिलं.

"गुरुजी खोकत नाहीत," महाराज म्हणाले. "त्यांचा आवाजच भारदस्त आहे."

"शिवाय उन्हात बसवलं तर राज्याने काही केलं असं दिसत नाही," कोल्हा हळूच म्हणाला. "आपण थेंब देऊ."

थेंब आले. बाटलीवर महाराजांचं चित्र होतं, आयाळ विंचरलेली. मुलांनी रांगेत उभं राहून आ केला, थेंब गिळले आणि ती परत गुहेत जाऊन गुरुजींसमोर बसली.

पावसाळा सरला. बकुळला रोज संध्याकाळी ताप येऊ लागला. बरगड्या दिसू लागल्या. गोदू तिला कोल्ह्याकडे घेऊन गेली. त्याने रक्त तपासलं आणि तो खूश झाला.

"ड जीवनसत्त्व उत्तम भरलंय."

"आणि ताप?"

"तो क्षयाचा. पण थेंबांना दोष देऊ नका. ते नीट पोचलेत."

गोदूने वाद घातला नाही. नदीपलीकडे सारसबाईंचा दवाखाना होता, तिथे तिने बकुळला नेलं. महिनोन्‌महिने, एकही दिवस न चुकवता, क्षयाची औषधं दिली. बकुळ पुन्हा उड्या मारायला लागली. इकडे गैरहजर राहिली म्हणून शाळेने तिचं नाव काढून टाकलं.

उरलेल्या मुलांसमोर कोल्ह्याचा सत्कार झाला. हार तरसगुरुजींनी घातला. त्यांना भाषण काही पुरं करता आलं नाही. मुलांनी मात्र शिस्तीत टाळ्या वाजवल्या.

तात्पर्य : खोकणारा मोठा असेल, तर औषध लहानांनी घ्यावं.