चीनमधल्या आत्याचं कुर्रर्र

"आबा, बारसं मी परत आल्यावर करा की! पंधरा दिवसांचा तर प्रश्न हाय."

"नाय जमायचं, भूमिका. दिवस धरलाय, सगळ्या भावकीला सांगणं गेलंय."

भूमिका वाशिंदच्या कारखान्यात होती आणि कारखान्याने नवीन मशीन शिकायला तिला चीनला पाठवायचं ठरवलं होतं. सापगावातून विमानात बसणारी घराण्यातली पहिलीच पोर! तिच्या आबांची, कुंडलिकची, छाती आनंदाने इतकी फुगली होती की शर्टाचं वरचं बटण लागेना. पण नेमक्या त्याच पंधरवड्यात नातवाचं बारसं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि सख्खी आत्या चीनमध्ये!

"तुमी नसलात तर वत्सलाताई पाळण्याला बसतील," सून मितालीने रडवेल्या आवाजात सांगितलं. "आन त्या मंगळू ठेवतील बगा."

वत्सला ही बाळाची मुरबाडची चुलत आत्या. पहिल्या नातवाला पणजोबांचंच नाव लागलं पाहिजे, असं ती लग्नापासून सांगत आली होती. मितालीच्या लग्नापासून नव्हे, स्वतःच्या.

"नाय गो वहिनी," भूमिका म्हणाली. "मी तिकडनं व्हिडिओ कॉल करीन. नाव काढून ठेवलंय झक्कास! पन आदी बाळाच्या कानात, मंग तुमाला." आणि मग तिचा चेहरा उतरला. "पन तिकडं आपलं व्हॉट्सअ‍ॅप चालत नाय. व्हीपीएन लागतं."

"मंग घेऊ की!" कुंडलिक पायात चपला सरकवत म्हणाला. "फास्टातला फास्ट घेऊ. पोरीचा मान हाय तो, काय थट्टा हाय?"

शहापुरात मितेशचं मोबाइलचं दुकान होतं. त्याने नीट समजावून सांगितलं, की तिकडे पोचल्यावर हे अ‍ॅप उतरवून घेता येत नाही, इथूनच फोनमध्ये टाकून न्यायचं. मग त्याने तीन प्रकारचे व्हीपीएन काढून दाखवले आणि प्रत्येकाची तारीफ सुरू केली. कुंडलिकने त्याला हातानेच थांबवलं. तारीफ ऐकून त्याने आजवर बैल घेतला नव्हता, व्हीपीएन कुठला घेतोय!

"शर्यतीचा व्हिडिओ लाव," तो म्हणाला.

पहिल्या व्हीपीएनवर बैल सुटायच्या जागीच उभे राहिले, आणि वर एक गोल गोल फिरत बसलं. दुसऱ्यावर बैल पळाले, पण लोकांचं ओरडणं बैल पोचल्यावर आलं. तिसऱ्यावर मात्र धुरळा असा उडाला की कुंडलिक दुकानातच "हाऽऽन!" म्हणून ओरडला आणि शेजारच्या गिऱ्हाइकाच्या हातातला चहा सांडला.

"ह्योच! ह्योच पायजे! किती फोनांना चालतो रे?"

"एका खात्यावर पाच, काका. पाचाच्या वर नाय."

भूमिका गेली. सुखरूप पोचली, तिथून कॉलही केला. चित्र इतकं स्वच्छ, की तिच्या आईने, ताराबाईने, चीनमध्ये बसलेल्या पोरीला "केस विंचर गो जरा" म्हणून बजावलं. कुंडलिक तर हवेतच चालत होता. पण बारशाच्या आदल्या दिवशी त्याच्या डोक्यात एक शंका शिरली आणि त्याने मुलाला, बाळाच्या बापाला, गाठलं.

"आदेश, हे तिच्याच फोनात हाय. आपल्या फोनात कुटं हाय? विहिरीवर मोटर बसवली आन शेताकडं पाइपच नाय, तर पानी येनार कसं?"

"आबा, आपल्याकडं लागत नाय. काल झाला की कॉल."

"काल नशिबानं झाला! उद्या भावकीसमोर नाय झाला तर?"

बापापुढे आदेशचं कधी चाललं होतं म्हणून आता चालेल? पाच फोनांना चालतं हे कुंडलिकने पक्कं लक्षात ठेवलं होतं. पाचच फोनांत टाकून घेतलं. आपला, ताराबाईचा, आदेशचा, मितालीचा आणि मानपानावरून रुसवा नको म्हणून वत्सलाचा. वर एकही नाही! त्याने हिशोबाने काम केलं होतं.

बारशाला मांडव भरला. बाळाला नवं झबलं घातलं, पाळण्याशेजारी घुगऱ्यांचं मोठं पातेलं आणून ठेवलं, बायका पाळणे म्हणायला लागल्या. आणि भूमिका काही केल्या लागेना! कुंडलिकला घाम फुटला. वत्सला पदर खोचून पाळण्याकडे सरकली.

"ऱ्हाऊ द्या आता. पोर ताटकळलंय. मी हाय की!"

"थांब गो जरा!" कुंडलिक म्हणाला.

मितालीने पाळण्याची दोरी अशी घट्ट धरली, की वत्सलाला हात घालायला जागा उरू नये. इकडे आदेशने मितेशला फोन लावला.

"किती फोनात चालू हाय?" मितेशने विचारलं.

"पाच."

"आन भूमिकाचा?"

आदेशने सावकाश बापाकडे पाहिलं. पुढचं सांगायची गरज पडली नाही.

"बंद करा रे! सगळ्यांनी व्हीपीएन बंद करा!" कुंडलिक मांडवात असा ओरडत सुटला, की ज्यांना व्हीपीएन म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं त्यांनी पंखे बंद केले. आणि कुंडलिकच्या फोनवर झळकन भूमिका आली! मांडवात टाळ्याच टाळ्या. ताराबाईने डोळ्यांना पदर लावला.

बाळाच्या आधी कोणी नाव ऐकू नये म्हणून कुंडलिकने स्पीकर बंद केला, पाळण्यात वाकला आणि फोन नातवाच्या कानाला लावला.

"गप बसा! अरं गप बसा! कुर्रर्र करते ती! एकदम गप!" तो जिवाच्या आकांताने ओरडत राहिला.

तिकडे भूमिकाने नाव सांगितलं. बाळाने डोळे मोठे केले. आणि नाव सांगितल्यावर वाकलेल्या आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत, ती बायकांनी सोडली नाही. आत्या नाही तर नाही, वाकलेली पाठ तर होती! वत्सलाने सगळा राग एकवटून असा धपाटा हाणला की कुंडलिकच्या हातातला फोन उडाला आणि थेट घुगऱ्यांत बुडाला.

"कॉल लावा! परत लावा!" एकच गलका झाला. आणि घाईघाईत सगळ्यांनी आपापले व्हीपीएन पुन्हा चालू केले.

आदेशने फोनवर आलेला मेसेज वाचला आणि कपाळाला हात लावला. "आबा, लई गर्दी झाली म्हनून व्हीपीएनवाल्यांनी खातंच बंद केलंय. उद्यापर्यंत."

"मंग साधा फोन लाव!"

"रोमिंग कुटं घेतलंय तिनं? तुमीच बोललात, आपला व्हीपीएन हाय, कशाला पायजे!"

मांडवात शांतता पसरली. ज्या शांततेसाठी कुंडलिक मघापासून ओरडत होता, ती आत्ता आली.

"मंग काय, मी ठेवते नाव," वत्सला पुढे झाली.

"नाव ठेवून झालंय!" कुंडलिक पाळण्याआड उभा राहिला. त्याची मान ताठ होती. "माज्या पोरीनं चीनमधनं ठेवलंय. ते आता बदलनार नाय!"

"बरं बाबा. काय ठेवलंय?"

कुंडलिकने आदेशकडे पाहिलं, आदेशने मितालीकडे, मितालीने पाळण्याकडे. हळूहळू सगळा मांडव पाळण्याभोवती गोळा झाला. बाळाने एक जांभई दिली आणि मूठ तोंडात घातली. अवघ्या सापगावात ते नाव ऐकलेला तो एकटाच होता, आणि त्याला बोलता यायला अजून वर्ष-दीड वर्ष होतं.